दुसरी सही

गुरुवारी दुपारी बाबा लाल विमानाच्या शेपटीखाली बुटक्या स्टुलावर बसले होते आणि डेंटिस्ट त्यांच्या डोक्यावर उभा राहून बोलत होता. विमान डेंटिस्टचं होतं, दोन माणसांपुरतं, आणि तो त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करायचा. डेंटिस्ट म्हणजे खरोखरच दातांचा डॉक्टर. निवृत्त झाल्यापासून फ्लाइंग क्लबचा सेक्रेटरी झाला होता. समोरच्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि आपण एकट्यानेच बोलायचं, ही जन्माची सवय काही सुटली नव्हती.

"उस्ताद, शनिवारपर्यंत मिळेल ना?"

"तुम्ही गप्प बसलात तर आजच मिळेल."

"मी गप्प बसलो तर तुम्हाला करमायचं नाही."

"एकदा करून तर बघा."

लेक शेजारच्या टेबलावर प्लग साफ करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "डॉक्टर, ते आता तार ओवतायत. पाच मिनिटं थांबा, मग हवं ते बोला."

डेंटिस्ट हसत हसत हँगरच्या दारातल्या फळ्याकडे गेला. दर महिन्याला तो स्वतःच्या हाताने 'घडामोडी' नावाचा कागद लिहून तिथे लावायचा. शिकाऊ मुलीने पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं, तिचं अभिनंदन. पलीकडच्या नव्या इमारतींतून आवाजाची तक्रार आली आहे, सकाळी आठच्या आत कुणी इंजिन सुरू करू नये. गवत कापायचं यंत्र पुन्हा बिघडलं आहे, ते कुणी बिघडवलं हे सर्वांना माहीत आहे. पिवळं विमान गाडीने चार तासांच्या अंतरावरच्या एका बागवानाने विकत घेतलं. क्लबात चाळीस-पन्नास माणसं होती आणि त्या सगळ्यांचं जग त्या एका कागदावर मावायचं.

बाबा त्या क्लबचे मेकॅनिक. चाळीस वर्षांपासून. लेकही मेकॅनिकच. तिचं लायसन्स बारा वर्षांचं. घरी तिला लाडाचं नाव होतं, पण वर्कशॉपमध्ये बाबा तिला इन्स्पेक्टर म्हणायचे, आणि त्याला कारण होतं.

विमानाच्या हलत्या भागांना जोडणारी तार किंवा दांडा कुणी हात लावून सोडवला, तर त्या कामावर एकाची सही चालत नाही, दोन लागतात. पहिली काम करणाऱ्याची. दुसरी अशा माणसाची, ज्याने त्या कामाला हात लावलेला नाही. त्याने झाकण बंद होण्याआधी स्वतः आत बघायचं. विचारायचं नाही, ऐकायचं नाही, बघायचं. मग सही करायची. बाबांनी तिला वयाच्या विसाव्या वर्षी हे शिकवलं तेव्हा म्हणाले होते, "दुसरी सही करणाऱ्याने पहिल्याला मूर्ख समजायचं. मी बाप आहे हे घरी. इथे मी मूर्ख."

त्या दिवशी बाबांनी शेपटीतली तार बदलली होती. शेपटीची मागची पट्टी वर-खाली झाली की विमान नाक वर-खाली करतं. ती पट्टी त्या तारेवर चालते. तारेचं टोक एका बोल्टवर बसतं, बोल्टवर नट, आणि नटाच्या आरपार एक बारीक स्प्लिट पिन. तिचे पाय दोन बाजूंना वाकवले की नट फिरत नाही. पिन नसेल तर इंजिनाच्या थरथरीने नट हळूहळू सुटत जातो. महिने लागतात. पण सुटतो.

"या इन्स्पेक्टर," बाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकत उठले. झाकण त्यांनी उघडंच ठेवलं होतं. ते पाठ फिरवून हात पुसायला गेले. दुसरा बघत असताना पहिल्याने तिथे उभं राहू नये, हाही त्यांचाच नियम.

ती स्टुलावर बसली. बॅटरी लावली. आणि प्रकाश आत न टाकता झाकणाच्या कडेवर धरून ठेवला. लाल रंगावर एक ओरखडा होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. आत बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग तिने झाकण लावलं, चार स्क्रू आवळले.

"ठीक?" बाबांनी विचारलं.

"ठीक."

त्यांनी वही पुढे केली. त्यांची सही आधीच झाली होती, रेघेच्या जरा खाली घसरलेली. तिने शेजारी आपली केली.

अलीकडे बाबा समोरच्या माणसाच्या कानाकडे बघून बोलायचे. लोकांना वाटायचं, उस्ताद आता जरा तिरसट झालेत. लेकीने वर्षभर ते पाहिलं होतं. भागांचे नंबर वाचायला ते कागद तिरका धरायचे. नट बोटांनी चाचपून बसवायचे. चहा ओतताना कपाच्या काठाला एक बोट लावून ठेवायचे. सात-आठ महिन्यांपूर्वी दुसरी सही करताना तिला आत एक नट नुसता हाताने फिरवलेला, सैल सापडला होता. तिने तो गुपचूप आवळला आणि झाकण लावलं. बोलली असती तर त्यांना त्याच दिवशी पाना खाली ठेवावा लागला असता, आणि पान्याशिवाय बाबा म्हणजे कोण, हे तिला सांगता आलं नसतं. त्यानंतर तिने आत बघणंच सोडलं. सापडलं तर बोलावं लागेल. न बघितलं तर काही सापडत नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा दाराजवळच्या खुर्चीत बूट घालायला बसले. एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची बांधायला वाकले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. एका क्षणाचं काम, त्यांना कळलंही नसेल.

*

पुढचा आठवडा घरात माणसांची ये-जा होती. लेक एका जागी बसत नव्हती. आलेल्याला खुर्ची द्यायची आणि आपण उभीच. कप उचलायची, धुवायची, धुतलेले पुन्हा धुवायची. दाराची कडी लागली का बघायला दोनदा उठायची, गॅस बंद आहे का बघायला तीनदा. गाडी घेऊन निघाली की कोपऱ्यावरून परत यायची.

"तुझ्या पायाला काय भिंगरी लागलीय?" आई म्हणाली. "बस ना माझ्याजवळ."

बसली. पाच मिनिटांत पुन्हा उठली.

बुधवारी डेंटिस्ट आला. इतकी वर्षं त्याला गप्प बसा म्हणणारा माणूस गेला होता, आणि त्याला आता बोलायला काही सुचत नव्हतं. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"येत्या रविवारी सकाळी सगळे जमतोय," शेवटी तो म्हणाला. "वर्कशॉपवर उस्तादांच्या नावाची पाटी लावायची ठरलीय. त्यांनी काम केलेली जेवढी विमानं येऊ शकतात तेवढी येतील. तो पिवळ्या विमानवाला बागवानसुद्धा येतोय, पोरांना घेऊन. आणि सगळ्यात आधी माझं लाल वर जाईल. उस्तादांच्या हातचं शेवटचं काम आहे ते. वहिनी, चाळीस वर्षांत त्यांच्या सहीचं एक विमान कधी दगा देऊन गेलं नाही. पाटीवर तेवढंच लिहिलंय आम्ही."

आईने डोळ्याला पदर लावला. लेक उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

डेंटिस्ट गेल्यावर आई तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुला एक सांगायचं होतं. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता काय." आईने नळ बंद केला. "त्यांना दिसत नव्हतं गं. मधलं सगळं पुसल्यासारखं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला इलाज नाही. मी म्हटलं, मग काम कसं करता हो? सोडा आता. तर म्हणाले, एवढ्यात नाही. माझ्यानंतर ती बघते ना, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती ज्या दिवशी म्हणेल बाबा पुरे, त्या दिवशी मी पाना खाली ठेवणार." आई थोडी हसली. "तू काही बोलायची नाहीस, म्हणून मग मीही निर्धास्त होते. म्हटलं, काम बरोबर होत असणार."

लेकीने हात पुसले. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"झोप जरा," ती आईला म्हणाली. "मी इथेच आहे."

*

शनिवारी ती उजाडताच वर्कशॉपला गेली. बाबांच्या स्टुलावर बसायचं नाही असं ठरवून जमिनीवर गुडघे टेकले, लाल विमानाचं झाकण काढलं आणि बॅटरीचा प्रकाश थेट आत टाकला.

पिन होती. पाय दोन्ही बाजूंना नीट वाकवलेले, नटाला चिकटून. असं काम डोळसालाही जमत नाही. किती वेळ बोटांनी चाचपत बसले असतील. तिचा जीव भांड्यात पडला. इथेच थांबावं आणि घरी जावं, असं तिला वाटलं. दहा मिनिटं ती तशीच बसून राहिली. मग उठली आणि कपाटातून कामाची वही काढली.

गेल्या वर्षभरात बाबांनी अशा तारांना, दांड्यांना हात लावला होता तो सहा विमानांत. सहाही ठिकाणी शेजारी तिची सही. एकात तो सैल नट होता, तो तिने आवळला होता. लाल आत्ताच बघून झालं होतं. राहिली चार.

पहिलं ठीक निघालं. दुसरंही.

तिसरं क्लबचं शिकाऊ विमान. त्यात दिवसातून चारदा कुणीतरी नवखं पोर बसायचं आणि शेजारी कॅप्टन. कॅप्टन म्हणजे क्लबची शिक्षिका, पन्नाशीची बाई, आवाज असा की वरून ओरडली तरी खालच्याला रेडिओ लागू नये. लेकीने पंखाखालचं झाकण काढलं. बोल्ट होता, नट होता. पिन नव्हती. नट दोन आटे बाहेर आला होता.

तिने तो नट बोटाने फिरवून बघितला. तो फिरला.

ड्रॉवरमधून तिने एक पिन आणली. बसवली. पाय वाकवले. झाकण लावलं.

"अगं, आज कशाला आलीस?" कॅप्टन मागे उभी होती, एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात चहा. "मी पोरगी आणलीय उडवायला. घेऊ ना हे?"

"घे."

"काय करत होतीस?"

"साफसफाई."

कॅप्टनने तिच्याकडे नीट बघितलं. "हे बघ, रडायचं असेल तर माझ्याजवळ रड. पण माझ्या विमानावर नको, गंज चढेल."

लेक हसली. हसता येतंय याचं तिला नवल वाटलं आणि लगेच शरमही वाटली. विमान धावपट्टीवर गेलं, उचललं गेलं, आणि ते दिसेनासं होईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग परत येऊन वहीतल्या उरलेल्या चौथ्या नोंदीवर बोट ठेवलं. पिवळं विमान. शेपटीची तार. दोन सह्या. महिन्याभराने विकलं गेलेलं.

ते इथे नव्हतं. तिथे तिचा हात पोचत नव्हता.

तिने बागवानाला फोन लावला.

"ताई, फार वाईट झालं," तो म्हणाला. "उद्या येतोय आम्ही. पोरं नाचतायत नुसती. मी म्हटलं, नाचू नका रे, आपण दुखवट्याला चाललोय. पण ऐकतात कुठे."

"उद्या गाडीने या ना."

"गाडीने?"

"म्हणजे, ती शेपटीची तार एकदा तपासून घ्या, मग उडा. झाकण उघडायचं, आत नटाला पिन आहे का बघायचं. तुमच्याकडच्या मेकॅनिकला सांगा."

"आमचा मेकॅनिक सोमवारशिवाय येत नाही. आणि ते बघायचं म्हणजे परत दोन सह्यांची भानगड." तो थांबला. "काही झालंय का? कुठे काही सापडलं का?"

आता बोलायचं होतं. शब्द तयार होते. पण त्या शब्दांच्या पलीकडे बाबा उभे होते, कानाकडे बघणारे, आणि उद्याची ती पाटी.

"नाही नाही," ती म्हणाली. "नेहमीची खबरदारी."

"मग ताई, नेहमीची असेल तर आल्यावर तुम्हीच बघा. वहीत उस्तादांची सही आहे, तुमची आहे. मला दुसरं काय लागतं?"

फोन ठेवल्यावर तिने वर्कशॉप झाडायला घेतलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडलं आणि झाडून झालेल्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली.

*

रविवारी सकाळी ती आईला घेऊन मैदानावर पोचली तेव्हा साडेसात झाले होते. गवत ओलं होतं. डेंटिस्ट शिडीवर चढून पाटी सरळ करत होता आणि कॅप्टन खालून सांगत होती.

"डावीकडे. अहो तुमचं डावं नाही, माझं डावं."

"आपली तोंडं एकाच बाजूला आहेत, कॅप्टन. डावं एकच आहे."

"मग हलवा ना त्या एका डाव्याला."

पाटी निळी होती, अक्षरं पांढरी. लेकीने ती वाचली नाही. आईने वाचली, दोनदा, ओठ हलवत, आणि तिच्यासाठी आणलेल्या खुर्चीत जाऊन बसली. हळूहळू माणसं जमत होती. प्रत्येकजण येऊन लेकीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि ती त्या हाताखालून निसटून दुसऱ्या कामाला लागायची. खुर्च्या मांडल्या. मांडलेल्या पुन्हा हलवल्या. धावपट्टीवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघून आली, मग परत बघून आली. वारा मंद होता. आकाशात एक ढग नव्हता. कुणालाही घरी बसवेल असं काहीच नव्हतं त्या आकाशात.

आठला दहा मिनिटं असताना डेंटिस्टचा फोन वाजला. तो अजून शिडीवरच होता, दोन्ही हात पाटीला लागलेले. "कॅप्टन, जरा घ्या हो. खिशातून काढा. स्पीकरवर टाका."

कॅप्टनने फोन काढला आणि वर धरला. बागवान होता. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी कुणाच्या खिडकीच्या जागेवर बसलं होतं आणि ते मान्य नव्हतं.

"डॉक्टर, आम्ही बसलोय विमानात. तुमच्याकडे वारा कसा आहे?"

"मस्त," डेंटिस्ट वरून ओरडला. "पश्चिमेचा, अगदी मंद. तासाभरात पोचाल. या सरळ."

"ठीक. पट्टे लावा रे. निघतो मग."

लेक चार पावलांवर होती. हातात एक खुर्ची होती. ती खाली ठेवल्याचं तिला नंतर आठवलं नाही. तिने आईकडे बघितलं. आई तिच्याकडेच बघत होती, काही न कळून.

"निघू नका," लेक म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता, पण कॅप्टनने फोन तिच्या दिशेने फिरवला.

"कोण? ताई?"

"इंजिन सुरू करू नका. पोरांना खाली उतरवा. आधी त्यांना उतरवा, मग सांगते."

गलका सुरूच होता. मग बागवानाचा आवाज आला, पोरांशी बोलणारा, दबका. दार उघडल्याचा आवाज. डेंटिस्ट शिडीवरून उतरू लागला होता, अर्ध्यातच थांबला. 

"उतरली," बागवान म्हणाला. "काय झालंय?"

"तुमच्या शेपटीच्या तारेवर माझी दुसरी सही आहे. मी आत बघितलं नव्हतं." तिने श्वास घेतला. तो पुरला नाही, म्हणून अजून एक घेतला. "बॅटरी बाहेर धरली आणि सही केली. लाल विमानाचंही तसंच. कॅप्टन, तुझ्या शिकाऊ विमानाच्या नटाला पिन नव्हती. मी ती काल बसवली आणि तुला साफसफाई म्हणून सांगितलं. त्यावर कुणाची सही नाही. ते उडवू नकोस. एकही उडवू नका, सगळी पुन्हा उघडायची आहेत, आणि मी सोडून दुसऱ्या कुणीतरी बघायचंय."

 फोन धरलेला कॅप्टनचा हात थोडा खाली आला आणि तिने तो पुन्हा वर केला.

"पण उस्तादांची सही..." शिडीवरून डेंटिस्ट म्हणाला.

"बाबांना दिसत नव्हतं," लेक म्हणाली. "वर्षभर दिसत नव्हतं. त्यांना वाटायचं, मी बघते. मला माहीत होतं, डॉक्टर. मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की बाबा, पुरे करा आता."